रोलच्या पलीकडची जागा

४ जून

चि. ठमीस,

तुझं पत्र परवा आलं आणि मी ते न उघडता टेबलावर ठेवून दिलं. पाकीट जाड होतं. जाड पाकिटातून बरी बातमी कधी येत नाही असा माझा अनुभव. तुझी काकू म्हणाली, "पत्र आहे, विंचू नाही. उघडा." मग उघडलं.

तुला रोलिंगच्या शेडची शिफ्ट दिली हे वाचून अभिमान वाटायला हवा होता. काकूला वाटला. तिने शेजारणीला बोलावून सांगितलं. मी मात्र पत्र पुन्हा पाकिटात घातलं. एवढे कारखाने पडलेत जगात, आणि तुला तोच मिळावा. बरं, त्या कारखान्यातही तीच शेड.

तू तेव्हा नुकतीच शाळेत जाऊ लागली होतीस, तुला कोणी नीट सांगितलं नसेल, म्हणून सांगतो. रोलला, म्हणजे प्लेट लाटणाऱ्या जड रुळांना, दोन बाजू असतात. एक भट्टीकडची. तिथून तापलेली स्लॅब, म्हणजे धातूची जाड लादी, आत जाते. दुसरी पलीकडची. दाबली गेलेली प्लेट तिकडे बाहेर पडते, मग रोल उलटे फिरवून तिला परत अलीकडे घेतात, असे पास देत देत ती पातळ होत जाते. शेवटच्या पासला पलीकडे एक माणूस हातात लोखंडी आकडा घेऊन उभा असतो. तो प्लेटची कड बघतो आणि हाताने इशारा करतो. ती जागा दादाची, म्हणजे तुझ्या बापाची. तिथेच तो एका दुपारी खांबाला टेकला आणि टेकल्या टेकल्या खाली बसला. हृदय बंद पडलं. कोणाचा दोष नव्हता. प्लेट मात्र त्याने पूर्ण बाहेर येऊ दिली, हात वर होता, असं तिथले सगळे सांगतात.

मी शेजारच्या ओतकामात होतो. मधे एक दार होतं. निवृत्त होईपर्यंत मी पुन्हा त्या दारातून गेलो नाही. चहाला जायचं तरी बाहेरून वळसा घालून जायचो. पावलं दुखायची, पण जायचो.

तुला एवढंच सांगणं आहे की त्या जागी उभी राहू नकोस. साहेब आहेस, तुला उभं राहायची गरज नाही. बूट बांधून घालत जा. पाणी पीत जा. आणि फोन करू नकोस, फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं मी घाबरून विसरतो. पत्रच लिही.

तुझा काका

१५ जून

ती. काका,

बूट बांधते. पाणी पिते. आणखी काही राहिलं असेल तर काकूला विचारून कळवा.

तुम्हाला वाटतं तशी मी साहेब वगैरे नाही. लोक तोंडावर ताई म्हणतात, पाठीमागे काय म्हणतात ते अजून कळलेलं नाही. रोलची मोटर चालवणारा माणूस तुमच्या वेळचा आहे. मिशांमुळे त्याला सगळे बोका म्हणतात. पहिल्या दिवशी मला म्हणाला, "तुम्ही त्यांच्या कोण?" मी सांगितलं. त्याने मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "कपाळ तेच आहे."

आता काम काय आहे ते सांगते, म्हणजे तुम्ही नको ते कल्पून बसणार नाही. स्टीलचं काम इथे जवळजवळ संपलंय. आता टायटॅनियमचा मिश्रधातू लाटायचा आहे. वजनाला हलका, ताकदीला भारी, आणि स्वभावाने तुमच्यासारखा. जरा गार पडला की कडा चिरतात. जरा जास्त तापला की आतला दाणा भरड होतो आणि मग त्या प्लेटचा काही उपयोग राहत नाही. मधला जो पट्टा आहे तेवढ्यातच तो ऐकतो. एका कंपनीने चाचणीला मोजक्या स्लॅब दिल्यात. त्यातली एक तरी धड प्लेट होऊन बाहेर आली तर काम आपल्याला मिळेल. नाही आली तर शेड बंद. बोका, त्याची माणसं आणि मी, सगळे घरी. मोठ्या साहेबांनी हे अगदी गोड आवाजात सांगितलं.

पहिली स्लॅब गेल्या आठवड्यात लाटली. शेवटच्या पासला मधोमध चिरली.

आणि एक गोष्ट आहे. तुम्हाला सांगू की नको, विचार करत होते. हा धातू रोलखाली गेला की वरून काळा पडतो, विझल्यासारखा. पलीकडे बाहेर पडला की हळूहळू पुन्हा लाल होतो. कोणी फुंकर घालावी तसा. कारण साधं आहे, रोल थंड असतात, पाठ गार पडते, आतली ऊब नंतर वर येते. पण माणसं म्हणतात की तिथे पलीकडे बाबा उभे असतात आणि तेच फुंकतात. माझ्यासमोर म्हणत नाहीत. मी जवळ गेले की गप्प होतात, त्यावरून कळतं.

आई बरी आहे. तिला यातलं काही लिहू नका.

ठमी

२४ जून

चि. ठमीस,

तुझ्या आईला मी कशाला लिहू. मला तर तुझं पत्र काकूलाही वाचून दाखवायचं धैर्य झालं नाही. तिने चष्मा लावून स्वतःच वाचलं आणि म्हणाली, "पोरगी म्हणते ते बरोबर आहे. स्वभाव तुमचाच."

तू हसण्यावारी नेतेस. मी नेत नाही. दादाला वाईट काम खपायचं नाही. प्लेटची कड वाकडी निघाली तर तो जेवायचा नाही, पान पुढ्यात ठेवून बसायचा. आमची आई म्हणायची, लोखंड वाकडं झालं त्यात भाकरीचा काय गुन्हा. असा माणूस. तो गेला म्हणून त्याने काम सोडलं असेल असं मला वाटत नाही. आणि आता त्याच्या जागेवर त्याला अनोळखी असा धातू आणलाय. त्याला पसंत नसेल.

तरी पण तू अडली आहेस म्हणून आमच्या वेळचं सांगतो. मी शाळा लवकर सोडली, तुझ्यासारखं पुस्तकातलं मला येत नाही. पण गरम धातू थांबत नाही एवढं मला कळतं. तो गार पडतो म्हणून चिरतो ना? मग त्याला गार पडायला वेळच देऊ नका. भट्टीतून काढला की पळवा. रोलमध्येही रेंगाळू नका. शेवटी दोन हलके पास देत बसण्यापेक्षा एकच जोरदार द्या आणि मोकळे व्हा. स्टीलला आम्ही असंच करायचो. बोक्याला माझं नाव सांग, त्याला पटेल. यात आणखी एक फायदा. पलीकडे कोणाला जास्त वेळ उभं राहावं लागणार नाही. गेला, इशारा केला, आला.

आणि तू भट्टीच्याच बाजूला राहा. रोलच्या पलीकडे जायचंच नाही. मला वचन दे. माझ्या मनात काय काय येतं ते तुला सांगून उपयोग नाही. दुपारी पडलो की छातीवर कोणीतरी हात ठेवल्यासारखं होतं. डॉक्टर म्हणतो गॅस आहे.

तुझा काका

९ जुलै

ती. काका,

वचन देते. मी भट्टीच्या बाजूलाच असते. तिथे तापमान बघायचं काम आहे, त्यामुळे कोणाला वेगळं वाटत नाही.

तुमचं पत्र मी चहाच्या वेळी सगळ्यांना वाचून दाखवलं. गॅसचा भाग गाळून. बोक्याचा चेहरा उजळला. म्हणाला, "बघा, ओतकामवाला असून त्याला कळलं. धाकट्याचं ऐकू या." तुम्हाला तिथे अजून धाकटाच म्हणतात. एकाने विचारलं, "ते अजून तसेच घाबरट आहेत का?" मी म्हटलं, "जास्त." सगळे खूप दिवसांनी हसले.

दुसरी स्लॅब तशीच लाटली. भट्टीतून झटकन काढली, झटकन रोलवर. शेवटचा पास एकच, जोरदार. मी भट्टीपाशी होते, मला रोलची पाठ दिसते, पलीकडचं काही दिसत नाही. प्लेट बाहेर आल्यावर पलीकडून कोणी काहीच बोललं नाही. मग पळत पळत सगळे अलीकडे आले.

वरून बरी दिसत होती. थंड व्हायला ओट्यावर ठेवली. संध्याकाळी शेड रिकामी होती, मी तिथे कागद भरत बसले होते, तेव्हा ती प्लेट एकदम वाजली. पितळी भांडं फरशीवर पडावं तशी. जाऊन पाहिलं तर मधोमध चीर, पहिलीपेक्षा लांब. कोणी हात लावला नव्हता.

काका, तेवढंच असतं तर मी लिहिलं नसतं. मी प्लेटपाशी वाकले होते. तेव्हा रोलच्या पलीकडे लोखंडी आकडा फरशीवरून ओढत नेल्याचा आवाज आला. हळू. थोडा ओढला, थांबला, पुन्हा ओढला. "कोण आहे?" म्हणून मी विचारलं. मग आवाज थांबला. मी पलीकडे गेले नाही. वचनामुळे नाही, पाय उचलले नाहीत म्हणून.

आता एकच स्लॅब उरली आहे. बोका म्हणतो, पलीकडे त्याला खोकला ऐकू येतो. बाबांना खोकला होता का? मला आठवत नाही, आणि आईला विचारवत नाही.

ठमी

१७ जुलै

चि. ठमीस,

खोकला होता. कोरडा. दोनदा खोकून थांबायचा.

आता तुला सांगतो. मी हे काकूलाही सांगितलेलं नाही, आणि आता ती हे पत्र पोस्टात टाकायच्या आधी वाचणारच, तर तिलाही कळेल. ओतकाम आणि रोलिंगच्या मधे भिंत आहे. माझा साचे भरायचा ओटा त्या भिंतीला लागून होता. दादा गेल्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत त्या भिंतीतून तो आकडा ऐकत आलो. तू लिहिलंस तसाच. थोडा ओढायचा, थांबायचा. दादा आकडा उचलून नेत नसे, ओढत नेई, फोरमन त्यावरून ओरडायचा. दादाच्या जागी नंतर जो आला तो आकडा खांद्यावर टाकून चालायचा. म्हणजे तो आवाज त्याचा नव्हता.

मी वाळू चाळताना मोठ्याने गाणं म्हणत बसायचो, ऐकू येऊ नये म्हणून. लोकांना वाटायचं धाकटा आनंदी आहे.

म्हणून माझं ऐक. तिसरी स्लॅब दुसऱ्या कोणाला लाटू दे. तू आजारी पड. खोटं बोलायचं पाप मला लागू दे. शेड बंद झाली तर झाली, तुला दुसरीकडे नोकरी मिळेल, तू शिकलेली आहेस. इथे ये. मागची खोली रिकामी आहे, खिडकीची कडी सैल होती ती मी दुरुस्त केली. आमच्या घरातून एक माणूस त्या जागेने नेला. मला दुसरं द्यायचं नाही.

काकूने वाचलं. पाकिटाला तिकीट तिनेच लावलं.

तुझा काका

२ ऑगस्ट

ती. काका,

तुमचं पत्र घेऊन मी खूप दिवस हिंडले. एकदा राजीनामा लिहायलाही बसले. आता जे लिहिते ते शांतपणे वाचा, आणि काकूला शेजारी बसवून वाचा.

मधे आम्ही जुन्या स्टीलच्या प्लेटा लाटत होतो, सराव म्हणून. मी वरच्या मजल्यावर ऑफिसात होते. खालून मोटरचा आवाज येतो. इतक्या दिवसांत तो कानात बसलाय. शेवटच्या पासला तो एकदम चढला, किंचाळल्यासारखा. मी जिन्यात आले. जिन्यावरून रोलची पलीकडची बाजू दिसते, मी तिथे कधी थांबलेच नव्हते. मी वचन दिलं होतं ना, भट्टीच्या बाजूला राहायचं.

पलीकडे कोणीच नव्हतं, काका. इशारा करायला कोणी उभंच राहत नव्हतं. सगळे खांबांच्या मागे, अंग चोरून. आणि बोका डोळे मिटून मोटरचा वेग पार टोकाला नेत होता. एकदाची प्लेट बाहेर पडू दे आणि आपल्याला इथून निघू दे, एवढंच. मी खाली गेले तर म्हणाला, "ताई, तुम्ही रागवा, पण तिथे कोण उभं राहणार? तुम्ही राहाल?"

मग मी त्याला भट्टीपाशी घेऊन बसले आणि दोघांनी मिळून आठवलं. पहिल्या स्लॅबलाही त्यांनी शेवटी घाईच केली होती. दुसऱ्या स्लॅबला तर तुमचं पत्र हाताशी होतं, मग काय, दोन पासचा एक केला आणि वेग वाढवला. आणि दोन्ही वेळा प्लेट आत गेली त्याहून जास्त लाल होऊन बाहेर आली होती. बोक्याला ते पक्कं आठवतं, कारण त्यालाच तो सर्वात जास्त घाबरला होता. जास्त लाल. बाबांची फुंकर म्हणून.

तळहात एकमेकांवर जोरात घासले की तापतात ना, तसं आहे. धातू दाबला की दाबण्यानेच तो आतून तापतो. स्टीलमध्ये ती उष्णता पसरून निघून जाते. टायटॅनियममध्ये जात नाही, पोटातच कोंडते. हळू दाबलं तर तिला वाट काढायला वेळ मिळतो. जोरात आणि एकदम दाबलं तर पाठ काळी, गार, आणि पोट हद्दीबाहेर तापलेलं. मग मधेच फाटतो. आपण गार पडू नये म्हणून घाई करत होतो आणि त्या घाईनेच त्याला आतून जाळत होतो. भट्टीतून रोलपर्यंत पळवायचं हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर होतं. रोलच्या आत पळवायचं हे नाही. हे मलाही आधी कळायला हवं होतं. मी पुस्तकात वाचलं होतं, आणि तरी तुमचं पत्र मीच वाचून दाखवलं, कारण मलाही ती वेळ लवकर संपायला हवी होती.

म्हणजे पहिल्यांदा भीतीने चीर पडली, आणि चीर पडली म्हणून भीती वाढली. हे इतकं साधं आहे.

आकड्याचं मला सांगता येत नाही. ते साधं नाही.

आता शेवटची स्लॅब संथ लाटायची. दोन हलके पास, आणि पलीकडे कोणीतरी उभं राहून कड बघायला हवी, नाहीतर बोका आंधळा. कोणी तयार नाही. म्हणून मी उभी राहणार आहे. वचन मोडते आहे ते तुम्हाला कळवून मोडते. पंधरा तारखेला.

ठमी

१० ऑगस्ट

ठमे,

मी तुझी काकू. यांच्याऐवजी मी कधी लिहीत नाही, पण यांचं पत्र येणार नाही म्हणून लिहिते. रोज लिहायला बसतात आणि फाडतात. काल टोपलीतले तुकडे मी जोडून बघितले. एकात तुला शिव्या आहेत, एकात दादा भावजींना शिव्या आहेत, एकात नुसतं "माझ्यामुळे" असं लिहून ठेवलंय आणि पुढे काही नाही.

रागावलेले नाहीत. घाबरलेत. यांच्याशी संसार केला म्हणून मला दोन्हीतला फरक कळतो. रागावले की घरभर फिरतात, घाबरले की एका जागी बसतात. सध्या बसलेत.

मला यातलं भूतखेत काही कळत नाही. पण भावजींबद्दल एक सांगते. तू झालीस तेव्हा त्यांनी तुला महिनाभर हातात घेतलं नाही. माझे हात खरखरीत आहेत, पोर सोलून निघेल, म्हणायचे. असा माणूस तुला काय करणार आहे.

तू तुझं काम कर. यांना मी जेवायला घालते.

काकू

२१ ऑगस्ट

ती. काका आणि काकू,

सुखरूप आहे, पाणी प्याले, बूट बांधले होते. हे आधी लिहिते म्हणजे काका पुढचं वाचतील.

मी पलीकडे जाऊन खांबाशी उभी राहिले. जागा छोटीशी आहे. फरशी तिथे थोडी झिजलेली आहे, पायाच्या मापाने. आकडा हातात घेतला. बोका केबिनमध्ये, काचेतून बघत होता. त्याचे ओठ हलले, आवाज भोंग्यातून आला, "ताई, सोडू का?" मी हात वर केला. तो खांद्यापर्यंतच गेला, बोक्याला वाटलं मी नको म्हणते आहे. तो म्हणाला, "नक्की काय ते करा." मग मी नीट वर केला.

स्लॅब भट्टीतून धावत आली. आधीचे पास झाले. मग शेवटचे दोन. रोल इतके सावकाश फिरत होते की मला एकेक फेरा दिसत होता. प्लेट माझ्याकडे तोंड करून येऊ लागली. काळी, मग करडी, मग कडेकडेने लाल. आत गेली होती तेवढीच लाल, त्याहून जास्त नाही. कड माझ्या अगदी जवळून गेली. चेहरा भाजत होता. कड सरळ होती, काका. मी इशारा केला, उलटी गेली, पुन्हा आली. तीही सरळ.

ओट्यावर ठेवली. त्या संध्याकाळी कोणी घरी गेलं नाही. सगळे ओट्याभोवती कान देऊन बसून राहिले. वाजली नाही. दुसऱ्या दिवशी मधून कापून आतला दाणा बघितला. बारीक, सारखा. कंपनीचा माणूस बघून गेला. शेड चालू राहणार.

कापून झाल्यावर बोका एकटाच पलीकडे आला आणि माझ्या जागी उभा राहिला. इकडे तिकडे बघितलं. म्हणाला, "इथून छान दिसतं की. उगीच इतके दिवस..." मग बाकीचेही एकेक करून आले आणि उभे राहून गेले.

आता जे तुम्हा दोघांनाच सांगायचं आहे ते. तिथे कोणी नव्हतं. मी वाट बघितली. प्लेट येताना बघितली, ती गेल्यावर बघितली, सगळे गेल्यावर आकडा थोडा ओढूनही पाहिला, थांबले, पुन्हा ओढला. खोकला नाही, काही नाही. पंख्याचा आवाज होता. मला वाटलं होतं निदान पाठीशी काहीतरी जाणवेल. मी घाबरून गेले होते, पण त्याचसाठी गेले होते, हे मला तिथे उभी राहिल्यावर कळलं. बाबा कसे बोलायचे ते मला आठवत नाही. इतकी माणसं म्हणत होती ते तिथे आहेत, आणि मी ते खोटं ठरवलं.

शेवटी हात धुवायच्या जागी जाऊन खूप रडले. बोक्याने बाहेरून विचारलं, "ताई, साबण संपला का?"

ठमी

३० ऑगस्ट

चि. ठमीस,

तुझं पत्र काकूने वाचलं आणि मी ऐकलं. मग मी वाचलं आणि तिने ऐकलं. प्लेट सरळ निघाली ते आलं की दोन्ही वेळा आम्ही थांबलो.

माझं चुकलं. एवढं एकदाच लिहितो, नाहीतर सबंध कागद त्यातच जाईल. तुला जपायला म्हणून जे सांगितलं त्यानेच तुझं काम बिघडत होतं.

तिथे कोणी नव्हतं हे वाचून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. मी काकूला म्हटलं, तो तिथे नाही तर मग आता कुठे आहे? ती म्हणाली, "तुम्हाला इतकी वर्षं तो तिथे आहे म्हणून भीती वाटायची, आता नाही म्हणून वाटते. तुमचं करायचं तरी काय?" मला त्याची भीती वाटायची हे खरं. पण भिंतीला कान लावला की तो पलीकडे आहे असं कळायचं. गाणं म्हणायचो म्हणून लिहिलं ना, ते पुरतं खरं नाही. मधेच गाणं थांबवून ऐकायचो. आहे अजून, असं वाटलं की मग पुन्हा म्हणायचो. तू आता ती भिंतच पाडलीस. पाडलीस ते चांगलंच केलंस. पण वारा येतोय.

तुला तो कसा बोलायचा हे आठवत नाही म्हणालीस. तो हळू बोलायचा. रोलच्या आवाजात काम करणारी माणसं ओरडून बोलतात, घरी आली तरी ओरडतात. हा घरी आला की अगदी हळू बोलायचा, तू झोपलेली असायचीस म्हणून. नंतर तू जागी असलीस तरी तशीच सवय राहिली. तुला आठवत नाही कारण मोठ्याने तो कधी बोललाच नाही. भांडायचासुद्धा हळू. मला एकदा फार घालून पाडून बोलला, आणि मला अर्धं ऐकूच आलं नाही.

असं आणखी पुष्कळ आहे. पत्रात मावत नाही, आणि मला लिहायला वेळ लागतो, बोटं आखडतात. म्हणून मी यायचं म्हणतो. घाबरू नकोस, राहायला नाही, दोन दिवस. काकूने डॉक्टरला विचारलं, तो म्हणाला जायला हरकत नाही, फक्त जिने चढू नका. तुझ्या ऑफिसला जिना आहे, तर मी खालीच बसेन. चहाला मधल्या दारातूनच जाईन, ते दार अजून असेल तर.

मला पुढच्या प्लेटच्या वेळी तिथे यायचं आहे. मी काही सुचवणार नाही, तोंड उघडणार नाही, काकूने तसं माझ्याकडून कबूल करून घेतलंय. तू पुढे उभी राहा, कड बघ. मी तुझ्या मागे खांबापाशी उभा राहीन. तू एकटी उभी राहिलीस ते मला आवडलं नाही. त्यात भुताचा काही संबंध नाही, ते तसंच आवडलं नाही.

गेटवर काय सांगायचं ते कळव. नवा पहारेकरी असेल, तो कोण म्हणून विचारणार. दादाचा भाऊ म्हणून सांगितलं तर जुनी माणसं उठून उभी राहतील आणि तो सगळा गोंधळ मला झेपायचा नाही. तुझा काका आलोय, एवढंच सांगतो.

काका